गावातलं रोजचं जगणं लिहून ठेवताय का कोणी? कसं लिहिता, काय सोडून देता?

वाशिष्ठीकाठचा (चिपळूण)

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, बाजारपेठेत किराणा मालाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं, आज पावसामुळे गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान लवकर बंद केलं आणि लिहायला बसलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे वडील रोजकीर्द लिहायचे. लाल कापडी बांधणीची लांब वही असते ना, तीच. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. हिशोब संपला की पानाच्या तळाला जी दोन बोटं जागा उरायची तिथं ते एखाददोन ओळी लिहायचे, हिशोबाशी काही संबंध नसलेल्या. कुंभार्ली घाट बंद, कराडचा माल आला नाही. गोवळकोटला पालखीनं शेरणं काढलं, म्हणजे शिमग्यात पुरून ठेवलेला नारळ शोधला. अळंबी आली बाजारात. असं काहीबाही. लहानपणी मला त्याचं काहीच वाटायचं नाही, आणि मोठेपणी वाटायला लागलं तेव्हा ते नव्हते. त्यांच्या वह्या आम्ही दुकानातल्या लाकडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं त्याची वडलांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करून ठेवली होती, ही फळी त्या खुणेच्या हातभर वर, म्हणून आम्ही निर्धास्त.

मग २०२१ आलं. मंगळवारी आषाढी एकादशी, बुधवारी बकरी ईद, आणि गुरुवारी २२ जुलैला पहाटे पाणी. सह्याद्रीत धो धो पाऊस, पौर्णिमा दोन दिवसांवर म्हणून खाडीला मोठी भरती, नदीचं पाणी पुढे जाईना आणि ते गावात शिरलं. आमच्या दुकानात ते त्या पेन्सिलच्या खुणेच्या साडेतीन फूट वर गेलं. गावातले कितीतरी लोक असेच २००५ ची खूण धरून बसले होते, तेवढ्या उंचीवर सामान चढवलं की झालं असं समजून. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, ते २००५ ला भिजलं होतं, २०२१ ला परत भिजलं, तिथली पुस्तकं गेली तिथं आमच्या वह्यांचं काय घेऊन बसलात.

वह्यांचा लगदा झाला होता. एकच जरा धड उघडली. तिच्यात शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन पसरलेलं, अक्षर म्हणून एक नाही. पण मधेमधे काही दिवस बहुतेक पेनातली शाई संपली असणार आणि वडलांनी पेन्सिल घेतली असणार, त्या ओळी जशाच्या तशा. मोजल्या, अकरा ओळी. त्यातली एक अशी: "ताडपत्री घातली. छोट्याला ताप, रात्री उतरला." छोट्या म्हणजे मी. तारीख वरच्या शाईत होती ती गेली, म्हणजे मला कधी ताप आला होता आणि कोण जागं राहिलं होतं ते आता कळायचं नाही.

त्या दिवाळीपासून मी लिहितोय. रात्री शटर ओढलं की अर्धं पान, चौथी वही चालू आहे. मोठं काही नाही, गावात आज काय दिसलं, काय महाग झालं, कोण आलं कोण गेलं. आता तीन गोष्टींवर अडलोय.

एक म्हणजे रोज रोज नवीन काय लिहायचं? पाऊस, दुकान, जेवण. मागची वही चाळली तर पंधरा पंधरा दिवस एकसारखे, माझा मलाच कंटाळा आला.

दुसरी जास्त अवघड. आमच्या आळीत दोन भावांचं एकच भुसारी दुकान होतं, आता मधे भिंत आहे आणि दोन शटर. ती भिंत मधे का घातली ते मी जसं ऐकलं तसं वहीत लिहिलं होतं. माझ्या चुलतभावानं ते पान एकदा चहाच्या टपरीवर चार लोकांत मोठ्यानं वाचलं. थोरल्या भावापर्यंत गेलं. मी लहानपणापासून त्यांना आप्पा म्हणतो, त्यांच्याकडे जेवलोय, झोपलोय, आणि आता समोर आले की ते रस्ता बदलतात. सहा महिने झाले. मला हे फार लागून राहिलंय. माणसांबद्दल लिहायचंच नाही का मग? पण माणसं काढून टाकली तर गावात उरतं काय?

तिसरी गोष्ट, कागदावर ठेवू की फोनमधे? पाण्याची भीती अजून जात नाही.

जे कोणी असं लिहितात त्यांनी सांगा.


योगेश्वरीची_लेक (अंबाजोगाई)

दादा वाचता वाचता मधेच थांबले, त्या तापाच्या ओळीपाशी.

रोज काय लिहावं म्हणायलात तर मी माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, वही वगैरे काही नाही, पण स्वैपाकघरात खिळ्याला टांगलेल्या कालनिर्णयवर रोज काहीतरी खूण करायच्या. नळ आला की "न", सिलिंडर लावला की "सि", दूध नाही घेतलं की फुली, टँकर आला की "टँ". आम्ही सगळ्यांनीच आपल्या आईला, आजीला असं करताना पाहिलंय. वर्ष संपलं की ते कालनिर्णय फडताळात डब्यांखाली अंथरायचे. गेल्या दसऱ्याला आवरायला काढलं तर २०१६ चा एप्रिल हाती लागला. तुम्हाला आठवत असेल, त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, सगळ्या देशानं ती रेल्वे पाहिली. लातूर काय आणि आम्ही काय, सगळे त्या धनेगावच्या मांजरा धरणावर, आणि धरणात चिखल सुद्धा वाळलेला. त्या महिन्याच्या पानावर आमच्या घरी एक "न" आहे दुसऱ्या तारखेला आणि मग खाली सगळे चौकोन कोरे, आणि मधे एका चौकोनात बारीक अक्षरात "टँ. ३ घागरी शेजारी दिल्या." मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. त्या कोऱ्या चौकोनांत आमचा सगळा उन्हाळा होता. आणि कोरे चौकोन कधी दिसतात, तर इतर महिने त्यांनी न कंटाळता "न" लिहिलं म्हणून दिसतात.

म्हणून मी म्हणते की एकसारखं लिहायचं भिऊ नका. उलट चार गोष्टी ठरवून टाका आणि त्या रोज लिहा, जमलं तर वेळेसकट. मी काय लिहिते: पाणी कधी आलं आणि किती वेळ होतं, लाईट किती वाजता गेली, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला, आणि आज दारात कोण आलं होतं. शेवटचं सगळ्यात भारी निघतं बघा. बोहारीण यायची बंद झाली ते मला वहीवरून कळलं, एरवी कळलंच नसतं, माणूस यायचं थांबतं तेव्हा त्या दिवशी कुठं कळतं आपल्याला. शेवटची आली ती २०१९ च्या पंचमीच्या आधी, दोन जुन्या साड्या घेऊन एक पातेलं दिलं. त्या पातेल्यात आता दूध तापवते.

आणि टिकायचं म्हणाल तर आमच्या गावात दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे, चाळीसेक फूट लांब, चारशे वर्षं होऊन गेली. लिहिणाऱ्यानं मनावर घेतलं आणि मागच्यांनी जपलं की टिकतं, कशावर लिहिलंय ते नंतर.


कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ७१, टायपिंग हळू आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचं आहे पण आधी तिसरा उरकतो कारण तो सोपा आहे. तुमच्या वडलांच्या अकरा ओळींनीच उत्तर दिलंय. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, ते शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते विरघळत नाही, कागद शाबूत तर अक्षर शाबूत. साध्या बॉलपेनाची शाई तेलकट असते, तीही बऱ्यापैकी तग धरते. शाईचं पेन आणि बरीचशी जेलपेनं मात्र पहिल्या थेंबाला पसरतात. तेव्हा पेन्सिल किंवा बॉलपेन, शिवलेली वही घ्या, पिना मारलेली नको, पिना गंजतात आणि कागद खातात. महिना संपला की पानांचे फोटो काढून दुसऱ्या गावात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवायचे, एकाच नदीच्या काठावर दोन्ही प्रती ठेवायच्या नाहीत. आणि देव करो वेळ न येवो, पण वही भिजलीच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. पंख्याखाली, पानांत कोरे कागद घालून, कागद ओले झाले की बदलत राहायचे. एकदम सगळं हाताळणं होणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमधे ठेवायची, बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढायची. पुरानंतर लोकांनी घाईघाईनं पानं ओढून सुटी करायला घेतली आणि तिथं फाटली असं फार ठिकाणी झालंय.

आता माणसांचं. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम चालतं हे तुम्हाला माहीत असेल, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते इथं उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तिथली मुद्रितं तपासायचे. मी त्यांना घाटावरच्या उत्सवाचं माझं टिपण मोठ्या हौसेनं दाखवलं, सात घाटांवर माघात कृष्णाबाईचा उत्सव असतो त्याचं. त्यांनी वाचलं आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलनं एकेक अक्षर लिहून वही परत दिली. "पा" किंवा "ऐ". पा म्हणजे पाहिलं, ऐ म्हणजे ऐकलं. माझ्या दोन पानांत "पा" होते चार, बाकी सगळे "ऐ". मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून लोकांनी सांगितलेलं लिहीत होतो आणि समोर काय चाललंय ते पाहतच नव्हतो.

पन्नास वर्षं होत आली, माझ्या समासात ही दोन अक्षरं अजून असतात. तुम्ही त्या भिंतीचं जे लिहिलंत ते "ऐ" होतं, तुम्हीच तसं म्हणालात. भिंत तुम्ही पाहिली. कारण तुम्ही ऐकलं. वहीत दोन्ही एकाच दमात आलं आणि वाचणाऱ्यानं दोन्ही सारख्याच आवाजात वाचलं. ऐकलेलं लिहूच नये असं मी म्हणत नाही, गावात निम्मं जगणं ऐकीवच असतं. पण कुणाकडून ऐकलं, कधी ऐकलं ते तिथंच लिहा. आणि वही बाहेर जाऊ देऊ नका. चुलतभावाला सुद्धा नाही.


नाव_नको

मी सहसा लिहीत नाही इथे. पण ह्या विषयावर वाचून राहवलं नाही.

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिच्याबद्दल लिहिलं गेलं तिच्या. आमच्या तालुक्याच्या गावी एका ओळखीच्यांनी गावाच्या आठवणी लिहून छापून आणल्या, हौसेनं, वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. त्यात माझ्या भावाच्या पिण्याबद्दल एक परिच्छेद आहे. नाव बदललंय. पण "तळ्याजवळचं, दारात पांढरा चाफा असलेलं शिंप्याचं घर" असं लिहिलंय, आणि तळ्याजवळ शिंप्याचं घर एकच आहे, चाफा एकच आहे. मुंबई पुण्यात नाव बदललं की माणूस लपतो, आमच्यासारख्या गावात नाव बदलून काही होत नाही, वहाणा बघून सांगतात लोक आत कोण बसलंय. माझी आई त्या पुस्तकानंतर हळदीकुंकवाला जायची बंद झाली. भाऊ गेल्यावर लोक भेटायला आले त्यातल्या एका बाईनं मला विचारलं की ते पुस्तकात होतं ते खरं होतं का. दहाव्याला.

तो चांगला गायचा. गणपतीत आमच्या आळीची आरती त्याच्याशिवाय सुरू व्हायची नाही. ते त्या पुस्तकात कुठेच नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं, त्याच आरतीला तो समोर उभा असायचा.

माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याचं लिहिलंय त्याला आधी दाखवा. दाखवायची हिंमत होत नसेल तर त्या ओळीत काहीतरी चुकलंय असं समजा. दादा, तुम्ही त्या आप्पांकडे जा. त्यांनी रस्ता बदलला म्हणून तुम्ही थांबलात, सहा महिने फार होतात.


खेर्डीचा_पोरगा (डोंबिवली)

वाशिष्ठीकाठचा, तुझं दुकान कुठलं ते मला बहुतेक कळलं, पण इथे लिहीत नाही. मी खेर्डीचा, नोकरी इकडे, गणपतीला आणि शिमग्याला दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर पकडून उभ्यानं येणारा. एकेरीत बोलतोय, वयानं तू माझ्याएवढाच असणार.

मी लिहीत नाही, मी वाचणारा माणूस आहे, म्हणून मला काय वाचायला आवडेल ते सांगतो. मला पाहिजे पावसाच्या पहिल्या आठवड्यात बाजारात कोण कोण बसलंय. आसपासच्या वाड्यांतून बायका येतात, प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर, समोर टाकळा, भारंगी, फोडशी, शेवळं, वाटे लावलेले. एक वाटा केवढ्याला ते लिही. चढणीचे मासे कधी लागले ते लिही. तेरड्याची फुलं कधी आली, गौरींना पुरली की नाही. इथे डोंबिवलीत स्टेशनबाहेर शेवळं मिळतात पण ती आणणाऱ्या बाईचं गाव मी विचारलं तर ती मुरबाडकडची निघाली, माझं गाव नाही ते.

माझे पणजोबा गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीनं खाडीतून दाभोळ आणि तिथून आगबोटीनं मुंबईला गेले, गिरणीत लागले. आमच्या घराण्यातला हा सगळ्यात मोठा प्रवास. त्याबद्दल आमच्याकडे काय आहे? काही नाही. भाडं किती पडलं, बरोबर भाकरी कसली होती, धक्क्यावर पोचवायला कोण आलं होतं, रडलं का कोणी, काही म्हणजे काही नाही. त्या दिवशी गोवळकोटात कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या की अमक्याचा मुलगा आज मुंबईला गेला तर मी त्या फ्रेम करून लावल्या असत्या.

पण मला एका बाबतीत वर सगळे बोलले त्यापेक्षा वेगळं वाटतं. सगळं जपून जपून, विचारून विचारून लिहिलं तर फक्त रानभाज्या उरतील रे. मी पुरानंतर चौथ्या दिवशी आलो होतो. चिंचनाक्यापासून चालत आत गेलो, प्रत्येक दाराबाहेर गाद्या, कपाटं, फ्रीज, देवाच्या तसबिरी, सगळ्याचा चिखलात ढीग, आणि भिजलेल्या धान्याला मोड आलेले, रस्त्यावर, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. सांगली कोल्हापूरकडची पोरं झाडू घमेली घेऊन आली होती, ज्यांची स्वतःची घरं २०१९ ला बुडाली होती तीच पोरं. आमच्या काकूच्या घरातला चिखल काढायला सहा जण होते, दोन दिवस, चहा घ्यायला सुद्धा नको म्हणत होते. त्यांची नावं आमच्याकडे नाहीत. काकू अजून म्हणते एक जण पायानं जरा लंगडत होता. एवढंच.

मग नदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले, मग नकाशावर लाल आणि निळ्या पूररेषा आल्या, कुणाचं घर कुठल्या रेषेत आहे यावर लग्नं जमायची थांबली की काय असं मला वाटायचं तेव्हा. किती लोकांनी खालचा मजला रिकामा केला, किती जण वर उंचावर राहायला गेले. कुणी जोतं वाढवलं. हे पण रोजचं जगणंच आहे ना. २०२३ च्या ऑक्टोबरात बहादूरशेख नाक्यावर बांधत असलेला उड्डाणपूल पडला त्याचे व्हिडिओ दहा लाख असतील, पण त्या दिवशी शाळेतली पोरं घरी कुठल्या रस्त्यानं गेली, एस्टी कुठून वळवली, ते तुझ्यासारख्यानं लिहिलं नाही तर कोण लिहिणार? कुणाला राग येईल म्हणून हे सोडू नको. घरातली भांडणं वेगळी आणि गावाचं दुखणं वेगळं.

नाव_नको ताई, तुमचं वाचलं. तुमच्या भावाबद्दल तुम्हीच लिहा असं मनापासून वाटतं. आरतीचं.


वाशिष्ठीकाठचा (चिपळूण)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मी रोज येऊन वाचत होतो पण उत्तर द्यायच्या आधी एक काम करायचं होतं.

सर, पा आणि ऐ कालपासून सुरू केलंय, समासात. पहिल्याच दिवशी सहा ओळींत चार ऐ निघाले. अंबाजोगाईच्या ताई, मी पण चार गोष्टी ठरवल्या: नदीचं पाणी पुलाच्या कुठल्या दगडापर्यंत आहे, मासळी काय आली आणि वाटा केवढ्याला, नारळाचा भाव, आणि दुकानात आज पहिलं गिऱ्हाईक कोण. खेर्डीवाल्या, दुकान ओळखलंस तर शिमग्याला ये, वही दाखवतो, तुझ्या काकूंकडच्या त्या लंगडणाऱ्या पोराचं मी वहीत लिहून ठेवलंय, ऐ म्हणून, तुझ्या नावावर.

ताई, तुमचं वाचलं त्या रात्री झोप आली नाही. तुमच्या भावाचं वाचून मला माझी वही उचलून बघावीशी वाटली की मी आप्पांबद्दल त्या भिंतीशिवाय दुसरं काही लिहिलंय का. चार वर्षांत नाही. एक ओळ नाही. पुराच्या दिवशी पहाटे साडेचारला आमचं दार वाजवून उठवणारे आप्पा होते, त्यांच्या दुकानात पाणी शिरलेलं असताना. ते मी लिहिलं नव्हतं कारण ते मला माहीतच होतं.

रविवारी संध्याकाळी गेलो. वही घेऊन गेलो. त्यांनी दार उघडलं, बस म्हणाले नाहीत पण दार लावलं पण नाही. काकी चहा ठेवायला आत गेल्या. मी ते पान काढून त्यांच्या पुढे ठेवलं आणि म्हटलं, आप्पा हे मी ऐकून लिहिलं, चुकलं, तुम्ही सांगाल ते लिहितो, नाहीतर तुमच्यासमोर फाडतो. त्यांनी चष्मा शोधला. दोनदा वाचलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, काकींनी चहा आणून ठेवला तो गार झाला.

मग म्हणाले, भिंत भांडणाची नाही. पुरानंतर दुकान परत उभं करायला कर्ज काढायचं होतं, एकाच दुकानावर एकच मिळत होतं आणि ते पुरत नव्हतं. दोघांनी ठरवून मधे भिंत घातली, विजेचे दोन मीटर घेतले, दोन नावं केली, दोन कर्जं मिळाली. भिंतीला मागे, गोडाऊनच्या बाजूला, दार ठेवलंय, आजही आहे, दुपारी जेवायला दोघं एकाच ताटाला बसतात. आम्ही समोरून बघणारे, आम्हाला ते दार दिसलं नाही.

मी विचारलं हे लिहू का. ते म्हणाले कर्जाचं लिहू नको, मग थोड्या वेळानं म्हणाले लिही, आता फिटत आलंय. नाव मात्र नको म्हणाले म्हणून इथे पण नाही आणि वहीत पण नाही.

ते पान मी फाडलं नाही, त्यांनीच फाडू दिलं नाही. जुन्या मजकुरावर मी एक आडवी रेघ मारली आणि खाली नवीन लिहिलं, त्यांच्यासमोर, पेन्सिलनं. त्यांनी वही परत मागून घेतली, मला वाटलं खोडणार. त्यांनी माझ्या तारखेपुढे तिथी घातली आणि म्हणाले तुझे वडील दोन्ही लिहायचे. मी म्हटलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाले उधारीला यायचो ना मी, वही उघडी असायची. मग त्यांनी मला वडलांच्या खालच्या ओळींमधल्या चार आठवणीतून सांगितल्या. त्यातली एक अशी, की गावात कोकण रेल्वेची पहिली गाडी बघायला सगळे गेले म्हणून दुकान दुपारी बंद.

लिहून घेतल्यात. समासात ऐ, पुढे आप्पा, आणि तारीख. पुढच्या रविवारी परत बोलावलंय, म्हणाले अजून आठवतील.

आजची नोंद देतो आणि थांबतो. आषाढ. नदी पुलाच्या तिसऱ्या दगडाखाली. मासळी बंद, सुकट आहे, जवळा महाग. नारळ कालचाच भाव. पहिलं गिऱ्हाईक आप्पा, पाव किलो गूळ, पैसे रोख.


नाव_नको

वाचलं. आज आरतीचं एक पान लिहायला घेतलंय. दाखवायला आई आहे.